सापाला चालतं, मग आपल्याला का नाही?

मुलांनो, एक कोडं घालतो. भामरागडच्या जंगलातली धामण, गावाबाहेरच्या बोडीतला बेडूक, ताडोबाच्या तळ्यातली मगर आणि सहावीत शिकणारे तुम्ही, अशा चौघांना एका रांगेत उभं केलं. (मगरीला सगळ्यात शेवटी ठेवू, नाहीतर रांगेत कुणी थांबायचं नाही.) आता सांगा, यांतल्या कुणाच्या हृदयात फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त आणि अंगभर फिरून परत आलेलं शिळं रक्त एकमेकांत मिसळतं, आणि तरी त्याचं काही बिघडत नाही?

बेडकाचं मिसळतं. धामणीचंही थोडंफार मिसळतं. मगरीचं एरवी मिसळत नाही, पण पाण्याखाली दबा धरून बसली की ती आपल्या रक्ताची वाटच बदलून टाकते. राहता राहिलात तुम्ही. तुमचं रक्त असं मिसळायला लागलं, तर डॉक्टर म्हणतात, "हृदयाला छिद्र आहे," आणि घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आता बघा, धामण तशा हृदयानिशी उंदरामागे सुसाट सुटते, आणि माणसाचं पोर मात्र हापशीपर्यंत जाऊन आलं तरी धापा टाकतं. असं का? हृदयाच्या डॉक्टरांनाही हा प्रश्न पडला होता. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी तर हृदयाच्याच दुसऱ्या एका प्रश्नासाठी थेट सापाचं हृदय तपासलं. त्यांची गोष्ट पुढे येईलच. आधी कप्पे मोजू.

कप्प्यांचा हिशेब

वैनगंगेतल्या माशाच्या हृदयात दोन कप्पे. रक्त एकातून दुसऱ्यात जातं, तिथून कल्ल्यांत आणि कल्ल्यांतून ऑक्सिजन घेऊन अंगभर. एकच वाट, त्यामुळे मिसळण्याचा प्रश्नच नाही.

बेडकाला तीन कप्पे. वरचे दोन, त्यांना अलिंद म्हणतात. खाली एकच, तो निलय. वरून दोन्ही प्रकारचं रक्त त्या एकाच निलयात येतं. पण बेडूक मोठा हुशार गडी. तो ओल्या कातडीतूनही ऑक्सिजन घेतो, म्हणून त्याचं भागतं.

साप, सरडा, घोरपड यांनाही तीनच कप्पे. मात्र त्यांच्या निलयात एक अर्धवट पडदा असतो. तो रक्ताला बऱ्यापैकी वेगळं ठेवतो, पण पूर्ण नाही.

पक्ष्यांना आणि आपल्याला चार कप्पे. मध्ये वरपासून खालपर्यंत सलग भिंत. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू अंगभर. मगरीलाही चार कप्पे, पण तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांच्या मध्ये एक छोटी खिडकी असते. बुडी मारल्यावर फुप्फुसांत नवी हवा येत नाही. मग तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? मगर ते रक्त दुसऱ्या वाटेनं परत अंगात फिरवू शकते.

आणि डायनासोर? सिरोंचा तालुक्यात वडधम इथं त्यांचे जीवाश्म सापडले आहेत. दगड झालेल्या हाडांवरून हृदय कसं कळणार? इथं शास्त्रज्ञ नातेवाइकांकडे चौकशी करतात. डायनासोरचे आज जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे पक्षी आणि मगरी. दोघांनाही चार कप्पे. म्हणजे डायनासोरलाही चारच असावेत, असा त्यांचा अंदाज.

मग सापाचं तीन कप्प्यांत कसं भागतं? कारण त्याच्या गरजाच कमी. आपलं अंग थंडीत, पावसात, झोपेतही ३७ अंशांच्या आसपास गरम ठेवावं लागतं. त्याला सतत ऑक्सिजन हवा. साप उन्हात पडून गरम होतो, फुकटात. एकदा पोटभर गिळलं की कित्येक दिवस तो निवांत. त्याची पळापळही थोड्या वेळापुरती. त्यामुळे रक्त थोडं मिसळलं तरी त्याचं अडत नाही. आपलं अडतं.

तुमच्याही हृदयात भोक होतं!

दचकलात? खरं सांगतो. आईच्या पोटात असताना तुमच्या हृदयात एक भोक होतं, आणि ते असणं गरजेचंच होतं.

पोटातलं बाळ पाण्यात असतं. ते फुप्फुसांनी श्वास घेत नाही. ऑक्सिजन त्याला नाळेतून, आईच्या रक्तातून मिळतो. म्हणजे बाळाची स्थिती काहीशी बुडी मारलेल्या मगरीचीच. फुप्फुसांकडे फार रक्त पाठवून फायदा नाही. म्हणून निसर्गानं दोन आडवाटा ठेवल्या आहेत. पहिली वाट वरच्या दोन अलिंदांमधल्या भिंतीत. तिथं एक भोक असतं आणि त्याच्या डाव्या बाजूला पातळ पापुद्रा. रक्त उजवीकडून डावीकडे जाऊ शकतं, उलट नाही. दुसरी वाट हृदयाच्या बाहेर. फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी आणि अंगाकडे जाणारी महारोहिणी यांना जोडणारी ती एक छोटी नळी.

मग बाळ जन्मतं आणि टाहो फोडतं. त्या पहिल्या रडण्याबरोबर फुप्फुसं हवेनं भरतात. तिकडून भरपूर रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, तिथला दाब वाढतो आणि तो पापुद्रा भोकावर चपकन बसतो. पहिली वाट बंद. दुसऱ्या नळीच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळत जातात आणि एक-दोन दिवसांत, फार तर तीन, ती वाटही बंद. साधारण दर चार मोठ्या माणसांत एकाच्या हृदयात त्या पापुद्र्याची बारीकशी फट आयुष्यभर राहते. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पण काही बाळांमध्ये ही नळी बंदच होत नाही. काहींची मधली भिंतच अपुरी राहते. काहींच्या झडपा अरुंद असतात. जगभरात दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयाच्या घडणीत असा काहीतरी दोष असतो. त्यांतली कितीतरी लहान छिद्रं बाळ मोठं होता होता आपोआप बुजतात. बाकीच्यांना मदत लागते.

म्हणजे सापाला जन्मभर चालणारी गोष्ट आपल्याला नऊ महिने लागते आणि त्यानंतर नकोशी होते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत याच्यावरच आहे.

एकीची नळी बांधली, दुसरीची तयार केली

शंभर वर्षांपूर्वी "हृदयाला हात लावायचा नाही" असं डॉक्टर मानत. १९३८ साली अमेरिकेत बॉस्टनला रॉबर्ट ग्रॉस नावाच्या तरुण डॉक्टरांनी एका ७ वर्षांच्या मुलीची ती उघडी राहिलेली नळी दोऱ्यानं बांधून टाकली. मुलगी बरी झाली. ग्रॉस यांचे वरिष्ठ तेव्हा सुट्टीवर होते!

आता दुसरी गोष्ट. काही बाळं निळी दिसतात. ओठ, जीभ, नखं निळसर. फ्रान्समधल्या मार्सेच्या आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये अशा रुग्णांच्या हृदयात चार दोष एकत्र असतात हे नीट लिहून ठेवलं होतं. त्यांतले मुख्य दोन असे, की फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते आणि खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक असतं. त्यामुळे शिळं रक्त फुप्फुसांकडे जाण्याऐवजी थेट अंगात घुसतं. अशी मुलं खेळता खेळता मध्येच उकिडवी बसतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तसं बसलं की पायांतल्या रोहिण्या दाबल्या जातात, अंगाकडचा दाब वाढतो, थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं आणि पोराला बरं वाटतं.

बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग अशा मुलांवर उपचार करत. त्यांना कमी ऐकू यायचं. मुलांच्या छातीवर बोटं टेकवून त्या हृदयाची थरथर ओळखत. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही निळी बाळं जन्मल्यावर बरी असतात आणि ती जन्माआधीची नळी बंद झाली की एकदम बिघडतात. म्हणजे यांना ती नळी हवी आहे! ग्रॉस नळी बंद करतात, तर कुणी नळी तयार करून देईल का?

हे काम डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस यांनी जमवलं. थॉमस मुळात सुतारकाम शिकलेले. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण साठवलेले पैसे बँक बुडाल्यानं गेले. ते काळे होते. त्या काळच्या अमेरिकेत त्यांना प्रयोगशाळेत एवढं नाजूक काम करूनही आधीच्या नोकरीत सफाई कामगाराचा पगार मिळत असे. त्यांनी कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला कशी शिवायची ते बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या एका निळ्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घालायचा ते सांगत होते. ती मुलगी काही महिनेच जगली. पण पुढे या शस्त्रक्रियेनं हजारो मुलं वाचली. एका मुलाचे ओठ तर टेबलावरच निळ्याचे गुलाबी झाले. बरीच वर्षं या शस्त्रक्रियेला दोन डॉक्टरांचंच नाव होतं. आता थॉमस यांचंही घेतात.

गारठवलेली मुलगी आणि मदतीला आलेला बाप

नळ्या हृदयाच्या बाहेर होत्या. पण आतलं भोक शिवायचं तर हृदय उघडावं लागणार, आणि तोवर अंगाला रक्त कोण पुरवणार? रक्त थांबलं तर मेंदूला जेमतेम चार मिनिटं निभावता येतं.

इथं पुन्हा प्राणी मदतीला आले. कॅनडाचे डॉ. बिगेलो यांनी हिवाळाभर बिळात झोपणाऱ्या एका खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास केला. झोपेत त्याचं अंग गार पडतं आणि ऑक्सिजनची गरज एकदम कमी होते. (आपल्या जंगलातली अस्वलं अशी झोपत नाहीत. त्यांना हिवाळ्यातही वारुळं उकरायची असतात.) मग माणूस गार केला तर? २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनियापोलिसमध्ये डॉ. जॉन लुईस यांनी ५ वर्षांच्या मुलीचं अंग सुमारे २८ अंशांपर्यंत थंड केलं आणि साडेपाच मिनिटांत तिच्या हृदयातलं भोक शिवलं. थोडक्यात सांगायचं, तर तिला थोडा वेळ सापासारखं कमी ऑक्सिजनवर जगायला लावलं.

पण अवघड दोषाला साडेपाच मिनिटं कुठून पुरणार? डॉ. जॉन गिबन वीस वर्षं एका यंत्रामागे लागले होते. हृदय आणि फुप्फुसं या दोघांचं काम करणारं यंत्र. त्यांची पत्नी मेरीही या कामात बरोबरीनं होती. ६ मे १९५३ रोजी या यंत्रानं एका तरुणीला २६ मिनिटं सांभाळलं आणि तेवढ्यात तिचं छिद्र बुजवलं गेलं.

पुढच्या वर्षी डॉ. लिलेहाय यांनी तर यंत्रालाही सुट्टी दिली. २६ मार्च १९५४ रोजी एका लहान बाळाला एका टेबलावर ठेवलं आणि शेजारच्या टेबलावर त्याच्या बापाला. दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. बापाच्या हृदय-फुप्फुसांनी लेकाचं रक्त ताजं केलं आणि डॉक्टरांनी लेकाच्या निलयांमधलं भोक शिवलं. शस्त्रक्रिया जमली. बाळ पुढे अकरा दिवसांनी न्यूमोनियानं गेलं. पण डॉक्टर थांबले नाहीत. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतली बरीच मुलं घरी गेली. पुढे यंत्रं सुधारली, मग आई-बापांना टेबलावर झोपवायची गरज उरली नाही.

लब, डब आणि दुखरा घसा

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे गेलं की मागे येऊ नये म्हणून त्या मिटतात. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या दोन मिटल्या की 'लब', निलयातून बाहेर पडणाऱ्या वाटेवरच्या दोन मिटल्या की 'डब'. झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली की मध्येच सूंऽऽ असा आवाज येतो. तो ऐकायला १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली. पहिला स्टेथोस्कोप तो. तुम्हीही करू शकता. शेवटी सांगतो.

काहींच्या झडपा जन्मतः बिघडलेल्या असतात, पण आपल्या देशात पुष्कळ मुलांच्या झडपा बिघडतात त्या घशामुळे. होय, घशामुळे! स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूनं घसा सुजतो. शरीर त्या जंतूशी लढायला सैन्य उभं करतं. काही मुलांमध्ये हे सैन्य गफलत करून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला चढवतं. घसा बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, चार दिवसांनी तो उतरून घोटा सुजतो. याला संधिवाताचा ताप किंवा ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना तो जास्त होतो. सांधे बरे होतात. झडपा मात्र जाड आणि ताठ होत जातात. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, तेही वर्षानुवर्षं. दुखतं फार, पण झडप वाचते.

अरुंद झडप उघडायची कशी? १९२५ साली लंडनमध्ये डॉ. हेन्री सूटार यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात आपलं बोट घातलं आणि आतून झडप चाचपून मोकळी केली. मुलगी वाचली. पण इतर डॉक्टर इतके घाबरले, की सूटार यांच्याकडे पुन्हा असा रुग्ण कुणी पाठवलाच नाही. ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू व्हायला १९४८ साल उजाडावं लागलं.

झडप अगदीच गेली असेल तर नवी बसवतात. १९६० मध्ये अमेरिकेत डॉ. आल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स हे इंजिनिअर यांनी छोट्या पिंजऱ्यात वरखाली होणारी गोळी, अशी झडप बनवली. ती महाग होती. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटानं देशी झडप करायचं ठरवलं. आधीचे तीन नमुने फसले. चौथा मेंढ्यांवर तपासून पक्का केला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाला बसवला. 'चित्रा वॉल्व्ह' आज देशभरातल्या लोकांच्या छातीत टकटक करत आहे.

सापाची नक्कल

आता आपल्या सापाकडे येऊ. त्यासाठी चला मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयात. १९६० च्या दशकात तिथं डॉ. प्रफुल्लकुमार सेन नावाचे सर्जन होते.

हृदय रक्तानं भरलेलं असतं ना? तरी हृदयाच्या भिंतीचे स्नायू ते आतलं रक्त पिऊ शकत नाहीत! आपल्या निलयाची भिंत घट्ट विणीची असते. तिला रक्त मिळतं ते हृदयाच्या बाहेरून फिरणाऱ्या बारीक रोहिण्यांतून. त्या रोहिण्या तुंबल्या की स्नायूंची उपासमार होते. त्यालाच आपण 'हार्ट अटॅक' म्हणतो.

सापाच्या निलयाची भिंत मात्र वेगळी. ती वाळलेल्या घोसाळ्याच्या आतल्या जाळीसारखी असते, सगळीकडे पोकळ्याच पोकळ्या. आतलं रक्त थेट त्या पोकळ्यांत शिरतं आणि स्नायूंना पोसतं. बाहेरच्या रोहिण्यांवर फार विसंबावं लागत नाही.

डॉ. सेन यांनी विचार केला, की माणसाच्या घट्ट भिंतीला आपणच बारीक भोकं पाडली तर? आतलं रक्त त्यांतून स्नायूंत झिरपेल. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. हृदयाची एक रोहिणी बांधली आणि तिच्या भागातल्या भिंतीत सुईनं बरीच भोकं पाडली. अशी कुत्री इतरांपेक्षा जास्त संख्येनं वाचली. १९६५ साली डॉ. सेन, डॉ. तेहमटन उडवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं. सुया टोचायच्या म्हणून त्याला नाव दिलं अॅक्युपंक्चरचं.

पुढे काय झालं? सुईची भोकं हळूहळू बुजून जात, ही मोठी अडचण होती. शिवाय तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया आली आणि तीच चांगली ठरली. नंतर अमेरिकेत काहींनी सुईऐवजी लेझरनं भोकं पाडून पाहिली. छातीतलं दुखणं कमी झालं, पण बघतात तर ती भोकंही बुजलेलीच! मग दुखणं कशानं कमी झालं? नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या म्हणून, की तिथल्या नसा बधिर झाल्या म्हणून? यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे.

सापाची नक्कल पूर्ण जमली नाही, पण प्रश्न मात्र लाखमोलाचा होता. कारण ऐका. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला आपल्या हृदयाची भिंतही जाळीदारच असते आणि आतल्या रक्तावरच पोसली जाते. पुढे जाळी दाबली जाऊन भिंत घट्ट होते आणि रोहिण्या काम हातात घेतात. म्हणजे सेन यांनी सापाकडून मागितलेली गोष्ट एकेकाळी आपल्याजवळही होती.

याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं प्रत्यारोपण दक्षिण आफ्रिकेत ३ डिसेंबर १९६७ ला झालं होतं. म्हणजे मध्ये तीन महिनेसुद्धा गेले नव्हते! रुग्ण काही तासच जगला. आपल्या देशात अवयवदानाचा कायदा यायला आणि पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९४ साल लागलं.

गाडी गावात येते तेव्हा

"हे सगळं बॉस्टन-मुंबईचं झालं. आमच्या एटापल्लीचं काय?" बरोबर विचारलंत.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात गावं लांब लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता कितीदा तरी बंद पडत आलाय. छिद्र असलेलं मूल शोधायला डॉक्टरनंच गावात गेलं पाहिजे. २०१३ पासून देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. जन्मतःचे हृदयदोष आणि ऱ्हुमॅटिक तापानं बिघडलेल्या झडपा, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत.

पुढच्या वेळी पथक आलं की नीट बघा. सावळ्या अंगावर निळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात आणि नखं बघतात. बोटाला चिमटा लावतात. त्यातला लाल दिवा तुमच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते मोजतो. मग स्टेथोस्कोप. लब-डबच्या मध्ये सूंऽऽ ऐकू आलं, तर 'टूडी इको' करायला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. इकोत तेच होतं जे संध्याकाळी तुमच्या डोक्यावरून उडणारं वटवाघूळ करतं. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि तो कुठून आपटून परत येतो त्यावरून आतलं चित्र ओळखायचं. १९५३ मध्ये स्वीडनच्या एड्लर आणि हर्ट्झ यांनी हृदयावर हे पहिल्यांदा केलं, तेही जहाजाच्या कारखान्यातून मागून आणलेल्या यंत्रानं.

छिद्र सापडलं तर नागपूर, वर्धा किंवा मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होते. काही छिद्रांना तर छाती उघडावीही लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून घडी घातलेली जाळीची 'छत्री' नेऊन छिद्रावर उघडतात.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात माणसांचा दवाखाना आणि जंगली प्राण्यांचं अनाथालय जवळ जवळ आहेत. १९७३ साली तो प्रकल्प सुरू झाला. इथं आलात तर तीन कप्प्यांची आणि चार कप्प्यांची हृदयं एकाच आवारात असतात, एवढं ध्यानात ठेवा.

करून पाहा

एक जाड कागद किंवा जुन्या कॅलेंडरचं पान घ्या. त्याची दोन बोटं मावतील एवढी नळी करा आणि दोरा बांधा. मित्राच्या छातीवर, मधल्या हाडाच्या थोडं डावीकडे, एक टोक टेकवा आणि दुसऱ्याला कान लावा. आजूबाजूला शांतता हवी. लब-डब ऐकू आलं की घड्याळ लावून एका मिनिटात किती ते मोजा. मग मित्राला शाळेच्या मैदानाला दोन चकरा मारायला लावा आणि पुन्हा मोजा. निवांत बसलेल्या तुमच्या वयाच्या मुलाचे ठोके साधारण ७० ते १०० असतात. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधला हत्ती निवांत उभा असेल तर त्याचे साधारण ३०. (त्याच्यावर ही कागदाची नळी लावून बघायची नाही!)

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. घसा फार दुखून ताप आला तर दवाखान्यात दाखवायचं. नंतर सांधे सुजले तर तर नक्कीच. वर्गातलं कुणी खेळताना सारखं दमत असेल, मध्येच उकिडवं बसत असेल, तर त्याला चिडवायचं नाही. गुरुजींना किंवा बाईंना सांगायचं.

डोकं चालवा

१. बेडकाला तीन कप्प्यांचं हृदय चालतं. त्याला मदत करणारा त्याचा दुसरा श्वासाचा अवयव कोणता?
२. पोटातल्या बाळाला हृदयातलं भोक का लागतं?
३. 'डब' हा आवाज कुठल्या झडपांचा?
४. अवघड प्रश्न : उद्या माणसाला मगरीसारखी उघडझाप होणारी खिडकी बसवता आली, तर ती कुणाला उपयोगी पडेल आणि कुणाला घातक?

उत्तरं : १. कातडी. २. फुप्फुसं हवेनं भरलेली नसतात, म्हणून रक्ताला आडवाट लागते. ३. निलयातून बाहेर पडणाऱ्या वाटेवरच्या दोन झडपांचा. ४. याचं उत्तर छापलेलं नाही. दोन कारणांसकट लिहा आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंशी वाद घाला.